नंबर कुणाचा, टॉवर कुठला

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही दैनिकाचं गुन्ह्यांच्या बातम्यांचं पान काढा, एक वाक्य हमखास सापडतं: 'तांत्रिक विश्लेषण आणि गोपनीय बातमीदाराकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे स्थानिक गुन्हे शाखेच्या पथकाने आरोपीस ताब्यात घेतले.' गाव बदलतं, गुन्हा बदलतो, वाक्य तेच राहतं. बातमीदाराचं श्रेय किती आणि विश्लेषणाचं किती, हे पथकालाच ठाऊक. पण वर्षानुवर्षं हे वाक्य वाचून लोकांची एक समजूत पक्की झाली आहे. पोलिस कळ दाबतात आणि पडद्यावर माणसाच्या जागी लाल ठिपका लुकलुकायला लागतो. त्यामुळे घरातल्या बाईला रात्री अकरानंतर अनोळखी नंबरावरून फोन यायला लागले, की पहिला प्रश्न निघतो तो हाच: "याचं लोकेशन काढता येईल का हो?"

काढता येतं. पण कुणाला, कशासाठी आणि किती नेमकं, हे तीन प्रश्न त्या पाठोपाठ विचारावे लागतात. त्यांची उत्तरं ऐकल्यावर माझ्यासारख्याचं मत असं बनतं, की फोनच्या त्रासात लोकेशन ही दुय्यम गोष्ट आहे. त्रास देणारा राहुरीत बसलाय की राजस्थानात, हे कळून त्या बाईची रात्र सुधारत नाही. तिला दोनच गोष्टी हव्या असतात: तो कोण आहे आणि तो थांबणार केव्हा.

आधी लोकेशनचं पाहू. ग्राहक कुठे आहे हे मोबाईल कंपनीला माहीत असावंच लागतं, नाहीतर त्याचा कॉल त्याच्यापर्यंत पोचवणार कसा? टॉवरला साधारणपणे तीन तोंडं असतात आणि प्रत्येक तोंड सुमारे १२० अंशांचा पट्टा सांभाळतं. त्या प्रत्येक तोंडाला स्वतःचा क्रमांक असतो, तो सेल आयडी. फोन लागला की कंपनीच्या नोंदीत हा क्रमांक पडतो. पोलिसांना मिळतं ते 'टॉवर लोकेशन' म्हणजे हेच. घर नाही, गल्ली नाही, फक्त एका टॉवरच्या एका बाजूचा पंख्यासारखा पसरलेला तुकडा. नगर शहरातल्या सावेडीत किंवा माळीवाड्यात टॉवर दाट आहेत, म्हणून तो तुकडा काहीशे मीटरांचा निघतो. पारनेरच्या माळरानावर किंवा अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात तोच तुकडा कित्येक किलोमीटर लांब असतो. जुन्या टूजी पद्धतीत टॉवरपासूनचं अंतर सिग्नलच्या विलंबावरून मोजता येतं, पण त्याची एक पायरीच सुमारे ५५० मीटरांची. शिवाय फोन नेहमी जवळचाच टॉवर धरतो असं नाही. मध्ये डोंगर आला, टॉवरवर गर्दी झाली, की तो लांबचा धरतो. जामखेड तालुक्याच्या शिवेवर उभं राहून केलेला फोन बीड जिल्ह्यातल्या आष्टीकडच्या टॉवरवर नोंदला गेला, तर त्यात नवल नाही.

नेमकी जागा सांगतं ते फोनमधलं जीपीएस. १ जानेवारी २०१८ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये ते असावं, असा नियम केंद्राने केला. हेतू होता संकटात सापडलेल्या बाईची जागा कळावी हा. पण जीपीएसचा आकडा फोनच्या पोटात असतो. तो आपण दिला, किंवा एखाद्या ॲपला द्यायची परवानगी दिली, तरच बाहेर पडतो. हरिश्चंद्रगडावर वाट चुकलेला ट्रेकर व्हॉट्सॲपवरून लोकेशन पाठवतो तेव्हा शोधपथकाला काही मीटरांपर्यंतची जागा मिळते, कारण सापडायची इच्छा त्याची स्वतःची असते. फोन करून छळणाऱ्याला सापडायचं नसतं.

आता तो प्रसिद्ध कागद, सीडीआर म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड. पोलिस ठाण्यात ज्याला 'सीडीआर काढला' म्हणतात, ती प्रत्यक्षात एक्सेलची कंटाळवाणी लांबलचक यादी असते. एका कॉलला एक ओळ. ए पार्टी (फोन करणारा), बी पार्टी (घेणारा), तारीख, वेळ, सेकंदांत कालावधी, कॉल सुरू झाला तेव्हाचा सेल आयडी, संपला तेव्हाचा सेल आयडी, हँडसेटचा आयएमईआय, सिमचा आयएमएसआय. संभाषणातला एक शब्दही त्यात नसतो. नवशिका माणूस कोणी कोणाला किती फोन केले ते मोजत बसतो. मुरलेला हवालदार आधी आयएमईआयचा रकाना खाली सरकवत नेतो, कारण सिम बदलणारे पुष्कळ असतात, पण दहा-बारा हजारांचा हँडसेट दर वेळी फेकून देणारे थोडे. मग तो रात्री एक ते पहाटे पाचच्या नोंदी बघतो: माणूस झोपतो कुठे ते तिथे कळतं. शेवटी दिवसाचा पहिला आणि शेवटचा नंबर. तो बहुधा बायकोचा, आईचा नाहीतर प्रेयसीचा असतो. फरार माणूस सगळ्यांशी संबंध तोडतो, पण या एका नंबराशी तोडत नाही, आणि तिथेच अडकतो. 'तांत्रिक विश्लेषण' या भारदस्त शब्दांमागे मुख्यतः हे असं डोळे दुखवणारं काम असतं.

ते दर वेळी फळाला येतं असंही नाही. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा ओंकारेश्वर पुलाच्या परिसरातल्या टॉवरांवरचे सगळे कॉल तपासायला घेतले गेले. पोलिसी भाषेत 'डंप डाटा'. भर शहरात सकाळच्या वेळी एका टॉवरवर किती फोन असतात याची कल्पना करा. गोळ्या झाडणारे म्हणून ज्यांना पुढे शिक्षा झाली ते हाती लागले २०१८ मध्ये, नालासोपाऱ्याच्या शस्त्रसाठ्याचा तपास करता करता. आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घ्यायचं तर नगर-पुणे रस्त्यावरच्या जातेगाव घाटात नोव्हेंबर २०२० मध्ये झालेला खून. त्यातला मुख्य संशयित शंभराहून जास्त दिवस फरार होता आणि मार्च २०२१ मध्ये थेट हैदराबादेत पकडला गेला. कळ आणि लाल ठिपका असं काही असतं, तर शंभर दिवस लागले नसते.

याच जिल्ह्यातून निघालेली मागोव्याची एक गोष्ट मात्र पूर्ण यशस्वी झाली. तिचा नायक बिबट्या होता. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या एका विहिरीत पडलेला म्हातारा नर बिबट्या वनखात्याने बाहेर काढला. अकोल्याच्या उसात बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. उपग्रहावरून घेतलेली आपली जागा तो पट्टा मोबाईलच्या नेटवर्कमधून एसएमएसने पाठवत असे. शंभरावर किलोमीटर चालत, हमरस्ते ओलांडत तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला आणि ही सगळी वाट नकाशावर उमटली. अभ्यासकांनी त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं होतं. २०१४ मध्ये त्याच नावाचा मराठी चित्रपटही आला. माणसाच्या बाबतीत हे इतकं सरळ होत नाही, कारण माणूस पट्टा काढून ठेवतो, दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, किंवा फोन बंद करून लातूरच्या बसमध्ये टाकून देतो.

लोकांची ही हौस ओळखून एक धंदाच उभा राहिला आहे. 'कोणत्याही नंबराचं लाइव्ह लोकेशन पाहा' असं सांगणाऱ्या ॲपांची आणि संकेतस्थळांची रांग लागली आहे. नंबर टाकला की थोडा वेळ चक्र फिरतं, मग नकाशा येतो आणि खाली लिहून येतं: सर्कल, महाराष्ट्र आणि गोवा, कंपनी अमुक. हे लोकेशन नव्हेच. नंबराचे पहिले काही आकडे मुळात कोणत्या सर्कलला आणि कोणत्या कंपनीला दिले होते, त्याच्या याद्या जुन्या आहेत आणि उघड आहेत. ॲप त्या याद्या वाचून दाखवतं. त्यातही जानेवारी २०११ मध्ये देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली आणि २०१५ पासून तोच नंबर घेऊन दुसऱ्या राज्यात जाता यायला लागलं. तेव्हापासून त्या याद्यांतून कंपनीही खात्रीने कळत नाही, सर्कलही नाही. नगरचा नंबर घेतलेला माणूस दहा वर्षं सुरतेत असू शकतो. अशी ॲप आपल्याला काही देत नाहीत, उलट घेतात. फोनबुक, मेसेज, स्वतःचं लोकेशन, सगळ्याची परवानगी मागून घेतात. दुसऱ्याचा ठावठिकाणा शोधायला निघालेला आपला ठावठिकाणा देऊन येतो.

मग खरं लोकेशन कोणाला मिळतं? कंपनीकडून ते घ्यायचा अधिकार तपासयंत्रणांना आहे, आणि तोही वाटेल त्या शिपायाला नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये उघडकीला आलं, की दिल्लीतल्या एका पोलिस शिपायाने वरिष्ठांच्या अधिकृत ईमेलचा वापर करून अरुण जेटलींच्या फोनचा सीडीआर मागवायचा प्रयत्न केला होता. जेटली तेव्हा राज्यसभेतले विरोधी पक्षनेते होते. एरवी हालचाल न करणारी यंत्रणा हलली. सीडीआर मागायचा तर किमान पोलिस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत, आणि दर महिन्याला त्याचा हिशेब जिल्हाधिकाऱ्यांकडे, अशी सूचना केंद्रीय गृहमंत्रालयाने काढली. म्हणून आज तालुक्याच्या ठाण्यातून निघालेली मागणी नगरच्या अधीक्षक कार्यालयातून पुढे जाते. 'साहेब, आत्ता लगेच काढून द्या' म्हणणाऱ्याला हे पटत नाही, पण हा उशीर असण्यातच आपलं संरक्षण आहे.

ते पुरेसं नाही हे पाच वर्षांतच दिसलं. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे शहराच्या गुन्हे शाखेने सीडीआर विकणाऱ्यांची साखळी पकडली. त्यात खाजगी गुप्तहेर होते आणि एका पोलिसालाही अटक झाली. गिऱ्हाईक कोण होतं, तर मोठ्या प्रमाणावर नवरा-बायकोच. एकमेकांवर संशय असलेली, घटस्फोटाच्या वाटेवरची. ज्या कागदासाठी छळ सोसणाऱ्या बाईला पोलिस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, तोच कागद पैसे मोजणाऱ्याला घरपोच मिळत होता. मला या सगळ्या विषयातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच वाटते.

सीडीआर आणि फोन टॅपिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलणं ऐकायचं असेल तर गृहसचिवांच्या पातळीची परवानगी लागते. १९९६ च्या पीयूसीएल निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याची चौकट आखून दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या दूरसंचार कायद्याखालचे नियम आले. पण माणूस कुठे कुठे गेला याची नोंद बोलण्यापेक्षा कमी खाजगी आहे, असं आपला कायदा अजून मानतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या कार्पेंटर खटल्यात याच्या उलट निकाल दिला. तिथे पोलिसांनी एका संशयिताच्या १२७ दिवसांच्या १२,८९८ टॉवर-नोंदी न्यायालयाच्या वॉरंटशिवाय घेतल्या होत्या. न्यायालय म्हणालं, वॉरंट हवंच. आपल्याकडे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरला. पुढे ८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जामिनावरच्या माणसाला गुगल मॅपवर आपली जागा पोलिसांना दाखवत राहायची अट घालता येणार नाही. आरोपीच्या वाट्याला एवढं आलं. मात्र सीडीआरसाठी न्यायाधीशाची परवानगी हवी, हा विचार आपल्याकडे अजून दूर आहे.

आता दुसरी बाजू, फोन करून छळणारे. ही जमात मोबाईलबरोबर जन्मली नाही. ०२४१ च्या जमान्यात काळा फोन वाजायचा, उचलला की पलीकडे नुसता श्वास. त्याला 'ब्लँक कॉल' म्हणत. एक्स्चेंजमध्ये अर्ज द्यायचा आणि वाट पाहायची. पुढे नंबर दाखवणारी डबी आली, त्या भित्र्या मंडळींपैकी निम्मी तिनेच गप्प झाली असावीत. मोबाईलवर नंबर दिसतो, तरी त्रास वाढला. कारण फोन करणं जवळपास फुकट झालं आणि आपला नंबर हजार ठिकाणी जाऊन बसला.

तो जातो कसा, याचं एक अगदी निरागस उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी जोडलेलं आहे. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंच्या जनलोकपाल आंदोलनाला पाठिंबा द्यायचा तर एका नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा होता. लोकांनी उत्साहाने दिला. पैसा लागत नाही, तसदी नाही. मिस्ड कॉलने पाठिंब्याबरोबर आपला नंबरही जातो, हे राजकीय पक्षांच्या लगेच ध्यानात आलं. २०१४ च्या अखेरीस भाजपने सदस्यनोंदणीच मिस्ड कॉलवर केली, मग दुकानदार आले, क्लासवाले आले. रिचार्जच्या दुकानातली वही हे दुसरं भोक. उत्तर प्रदेशात रिचार्जवाले मुलींचे नंबर पैसे घेऊन विकतात, हे २०१७ मध्ये छापून आलं तेव्हा आपल्याकडे कुणाला फार धक्का बसला नाही. तिसरं भोक झटपट कर्जाच्या ॲपांचं. पाच हजारांचं कर्ज देताना ते सगळं फोनबुक उचलतात आणि हप्ता चुकला की कर्जदाराच्या मामाला, शिक्षकाला, शेजारणीला फोन लावतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये दोन्ही गोष्टींना लगाम घातला: वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, आणि कर्जाच्या ॲपने फोनबुकाला हात लावायचा नाही. नियमातले कर्जदाते ते पाळतात. बिननोंदणीच्या ॲपला रिझर्व्ह बँक कोण हेच माहीत नसतं.

बाईला येणारे फोन हा यातला सर्वांत जुना आणि सर्वांत कमी नोंदला जाणारा प्रकार. कायदा इथे कमजोर नाही. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर पाठलागाचं कलम दंडसंहितेत आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ झालं. नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं यात येतं, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर पाच, आणि दुसऱ्या वेळी जामीनही हक्काचा नाही. अश्लील बोलणं, खाणाखुणा यांसाठी कलम ७५ आणि ७९. मग अडतं कुठे? घरात. फोन येतात हे कळलं की आधी तिचा मोबाईल काढून घेतला जातो. नवरा विचारतो, "त्याला तुझा नंबर मिळालाच कसा?" कॉलेजातल्या पोरीचं नगरला जाणं-येणं बंद होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात स्थळं बघायला लागतात. छळणारा कुठे होता ते कुणी शोधतच नाही. हे ठाऊक असल्यामुळे मुली घरी सांगत नाहीत, आणि त्या सांगणार नाहीत हे पलीकडच्याला पक्कं ठाऊक असतं.

ठाण्यात गेलेल्यांचा अनुभव दोन प्रकारचा. चांगला ठाणे अंमलदार तिथल्या तिथे लँडलाइनवरून तो नंबर फिरवतो आणि खास पोलिसी मराठीत दोन मिनिटं समजावतो. पुष्कळदा तेवढ्याने फोन बंद होतात. याला मी नाक मुरडणार नाही. उत्तर प्रदेशाने २०१२ मध्ये १०९० ही महिलांची लाइन याच तत्त्वावर उभारली. तक्रार ऐकणारी महिला पोलिस, बाईला ठाण्यात यायची सक्ती नाही, आणि त्रास देणाऱ्याला पोलिसांकडून समज. फरक एवढाच, की तिथे नोंद राहते. आपल्या अंमलदाराने दिलेला दम कुठेच लिहिलेला नसतो. तोच इसम महिन्याने दुसऱ्या सिमवरून सुरू झाला, की पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा अनुभव 'एनसी'चा. अदखलपात्र नोंद करून कागदाची प्रत हातात देतात. त्या कागदाने समाधान होतं, तपास होत नाही. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासाचा अधिकारच नाही, मग अधीक्षक कार्यालयाकडे सीडीआर मागायचा कशाच्या जोरावर? म्हणून बाईची तक्रार असेल तर कलम ७८ किंवा ७९ खाली गुन्हा दाखल करायचा आग्रह धरायला हवा, ती कलमं दखलपात्र आहेत. ठाण्याची हद्द हे कारणही आता चालत नाही, शून्य क्रमांकाने कुठेही फिर्याद घ्यावी लागते. पुरुषाला कोणी रोज पन्नास फोन करून सतावलं, तर मात्र कायद्याची पोतडी जवळपास रिकामी आहे. पाठलागाचं कलम फक्त स्त्रीच्या संरक्षणासाठी आहे. धमकी असेल तर कलम ३५१ लागतं, तेही बहुधा अदखलपात्र. पूर्वी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमात 'त्रास' हा शब्द होता, पण त्याचा उपयोग भलत्याच कामाला झाला. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या साध्या मतासाठी अटक झाली, प्रकरण देशभर गाजलं आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. रद्द झालं ते योग्यच झालं. पण त्याच्या जागी नेमकं, छोटं, फोनच्या छळापुरतं कलम आणायला कोणालाच सवड झाली नाही. महाराष्ट्राच्या शक्ती विधेयकात स्त्रियांना संपर्कसाधनांतून छळणाऱ्यांसाठी स्वतंत्र कलम होतं. विधिमंडळाने ते डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं, पण राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही.

पोलिस स्वतःही या छळातून सुटलेले नाहीत. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर दारूच्या नशेत फोन करून खोटा खून कळवणारे महाभाग प्रत्येक जिल्ह्यात आहेत. गाडी निघते, मैलभर आडवाटेला जाते आणि तिथे शांत झोपलेली वस्ती असते. इथे मात्र फोन करणारा चटकन सापडतो, कारण त्या क्रमांकावर नंबर आणि जागा दोन्ही पोचतात, आणि लोकसेवकाला खोटी माहिती दिल्याचा गुन्हा लागतो. गावोगावच्या ग्राम सुरक्षा यंत्रणेतही खोट्या फोनांची काळजी घ्यावी लागली. दरोडेखोर किंवा बिबट्या दिसला की एकाने फोन करायचा आणि तो निरोप एकाच वेळी गावातल्या सगळ्या फोनांवर वाजतो, अशी ती सोय. असल्या सोयीत एक टवाळखोर सगळं गाव रात्री दोनला अंगणात आणू शकतो.

जाहिरातवाल्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यावर शब्द आणि नियम पुष्कळ खर्च झाले आहेत. २००७ ची 'फोन नको' नोंदवही, २०१० चे नियम आणि तक्रारीचा १९०९ हा क्रमांक, २०१८ चे नवे नियम, फेब्रुवारी २०२५ ची दुरुस्ती. ताज्या दुरुस्तीने एक चांगलं झालं. तक्रारीला तीनऐवजी सात दिवस मिळतात, आणि बिननोंदणीच्या फोनवाल्याविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होते. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'ने कंपन्यांना खडसावल्यावर दोन आठवड्यांच्या आसपास पावणेतीन लाख जोडण्या तोडल्या गेल्या आणि पन्नासच्या वर संस्था काळ्या यादीत गेल्या. म्हणजे करता येत होतं, इतकी वर्षं केलं नव्हतं. जाहिरातीचा फोन १४० ने आणि बँक-विम्याचा कामाचा फोन १६०० ने सुरू व्हावा, असं ठरलं आहे. तेव्हा दहा आकडी साध्या नंबरावरून कोणी 'बँकेतून बोलतोय' म्हटलं, तर संशय घ्यायला हरकत नाही. भामट्यांबद्दल सावध करणारी अमिताभ बच्चन यांची कॉलरट्यून वाजवून वाजवून सरकारनेच लोकांचा जीव खाल्ला, हा त्यातला विनोद.

'तो कोण' या प्रश्नाकडे येऊ. आजवर हे काम ट्रूकॉलर या स्वीडिश ॲपने केलं, तेही दुसऱ्यांच्या फोनबुकांतून नावं गोळा करून. म्हणून तिथे एखादा माणूस 'राजू ट्रॅक्टर' असतो, एखादी बाई 'पमी नणंद', आणि भामट्याने स्वतःच भरलेलं नाव असतं 'पोलिस स्टेशन'. ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये शिफारस केली, की सिम ज्या नावावर आहे ते नाव फोन वाजतानाच दिसावं. या सोयीला सीएनएपी म्हणतात, आणि कंपन्यांनी ती टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे. माझ्या मते लोकेशनच्या हव्यासापेक्षा ही गोष्ट शंभरपट उपयोगाची. पण ग्रामीण भागात सिम अनेकदा बापाच्या, मालकाच्या, नाहीतर गेलेल्या आजीच्या नावावर असतं. छळणाऱ्याच्या फोनवर आजीचं नाव झळकेल. तरीही आजीचं घर सापडतं. आपल्याही नावावर परस्पर कोणी सिम घेतली आहेत का, हे २०२३ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या संचार साथी संकेतस्थळावर पाहता येतं. एका माणसाला नऊच्या वर सिम ठेवता येत नाहीत. ती यादी एकदा जरूर पाहावी, आपल्या नावाचं सिम भलत्याच्या हातात निघालं तर चौकशीला पोलिस आपल्याच दारात येतात.

हरवलेला फोन शोधायची सीईआयआर ही सोयही त्याच संकेतस्थळावर आहे, आणि तिचा पहिला प्रयोग सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातच झाला. आयएमईआय बंद केला की फोनमध्ये कुठलंही सिम घाला, तो चालत नाही आणि चालवायचा प्रयत्न झाला की नोंद होते. ठिकठिकाणचे पोलिस सोहळा करून मालकांना फोन परत देतात, ते याच्या जोरावर. सामान्य माणसासाठी काम करणारा 'मागोवा' हा एवढाच. तो माणसाचा नाही, यंत्राचा आहे, म्हणूनच तो निर्धास्तपणे सर्वांना देता येतो. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस सरकारने संचार साथी प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालायचा आदेश काढला, तेव्हा लोक बिथरले आणि काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. उपयोगी वस्तू सक्तीने दिली की संशय येतो, एवढं तरी खात्याला कळायला हवं होतं.

आणि व्हॉट्सॲप कॉल? तिथे मोबाईल कंपनीचा सीडीआर आंधळा असतो. परदेशी नंबर विकत घेऊन इथल्याच शेजाऱ्याने केलेला कॉल कंबोडियातून आल्यासारखा दिसतो. पोलिसांना मग व्हॉट्सॲपच्या कंपनीकडे माहिती मागावी लागते आणि उत्तराची वाट पाहावी लागते. ज्या सिमवर खातं उघडलं ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालू नये, असा आदेश दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी काढला, तो याच पळवाटेसाठी.

या सगळ्यात तक्रारदाराच्या हातात जे आहे ते साधं आहे. फोन आले की चिडून यादी पुसून टाकू नये. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट, रेकॉर्डिंग असेल तर मूळ फोनमध्येच, आणि एकदा स्पष्ट शब्दांत 'पुन्हा फोन करू नका' असा लेखी मेसेज. पाठलागाच्या गुन्ह्यात हा नकार महत्त्वाचा ठरतो. पैसे गेले असतील तर आधी १९३० ही सायबर हेल्पलाइन, मग बाकीचं. संशयास्पद फोन संचार साथीवरच्या 'चक्षु'मध्ये कळवता येतो. न्यायालयात छापील कागद नुसता चालत नाही, सोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५-ब खाली होतं, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. ही अट पक्की झाली ती जालन्यामुळे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी हा निकाल दिला. त्याच निकालात मोबाईल कंपन्यांना बजावलं आहे, की तपासात एखादा सीडीआर ताब्यात घेतला गेला तर त्या काळातल्या नोंदी वेगळ्या काढून जपून ठेवा. ज्यांची फिर्याद गुन्ह्यापर्यंत पोचली त्यांना याचा लाभ. बाकीच्यांसाठी कंपनीवर किमान दोन वर्षं नोंदी ठेवायचं बंधन आहे, तेही डिसेंबर २०२१ पासून, त्याआधी एकच वर्ष होतं. एनसीचा कागद कपाटात पडून राहिला आणि दोन दिवाळ्या उलटल्या, तर त्या रात्री अकरा वाजताची ओळ कंपनीच्या यंत्रात असेलच असं नाही.